शून्य दाखवणारी दुकानं

साहेब, तुम्ही विचारलं नाहीत असं मी म्हणणार नाही. विचारलंत. चौदा माणसांसमोर विचारलंत. पण कुणाला विचारलं की कुठलं उत्तर येईल, हे आधी ठरवून मगच विचारलंत. जो विचारतच नाही तो आडमुठा असतो, त्याला एकवेळ माफी असते. तुम्ही आडमुठे नव्हता.

तेरा वर्षं झाली. तुम्ही आता कुठल्या शहरात, कितव्या मजल्यावर बसता मला ठाऊक नाही. मी गडहिंग्लजलाच आहे.

ते एप्रिल होतं. गुरुवार. शिंत्रेमामांच्या मोटारसायकलवर मागं मी, माझ्या मांडीवर औषधांचं खोकं, आणि खोक्यावर तुमच्या कंपनीचे कोरे फॉर्म.

"रवळ्या, खोकं धर नीट. फुटलं तर डोंगरातली निम्मी म्हातारी उद्यापास्नं खोकत बसतील."

"धरलंय मामा. तुम्ही म्होरं बघा. मघाशी म्हशीला आडवं गेलासा."

"म्हैस मला आडवी आली. बत्तीस वर्सं फिरतोय या रस्त्यानं, माझं काय चुकतंय व्हय?"

गणपा शिंत्रे आमच्या औषधांच्या एजन्सीचे सगळ्यात जुने सेल्समन. चंदगडच्या पलीकडची, डोंगरातली गुरुवारची फेरी त्यांची. मी गोडाऊनला पॅकर. दहावीला दोनदा आपटलेला, पण कॉम्प्युटर येत होता. बेळगावच्या रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणलं होतं, त्याची पहिली चाळीस पानं नव्हती. म्हणून मी मधूनच शिकलो. फॉर्म्युला आधी, कॉम्प्युटर चालू कसा करायचा ते नंतर.

फेब्रुवारीत तुमच्या कंपनीनं आमची एजन्सी विकत घेतली. नवी सिस्टीम येणार होती. प्रत्येक दुकानाचं नाव, लायसन, फोन नंबर त्यात भरायचा होता, म्हणून मला मामांच्या मागं बसवून पाठवलं.

डोंगरात आमची चार दुकानं होती. आंबेमोळा, पारवाड, चिरेवाडी, घागरवाडी. दुकानं म्हणजे पानपट्टीएवढी. आणि एजन्सीचा जुना नियम होता: दहा आयटेमच्या आत बिल फाडायचं नाही. एवढ्याशा मालासाठी कोण बिल करणार, कोण पॅक करणार? या दुकानांचे एका वेळेला तीन-चार आयटेमच्या वर होत नसत. मग मामा चौघांचा माल चंदगडच्या एका मोठ्या मेडिकलच्या बिलात घालायचे. त्याला आमच्यात जोडबिल म्हणत. बिल एकाच्या नावावर, माल पाच जणांचा. पॅक करताना मी एकाच खोक्यात वेगवेगळ्या पिशव्या घालायचो आणि पिशवीवर स्केचपेननं लिहायचो: आं, पा, चि, घा. हे जुन्या मालकांना ठाऊक होतं, चंदगडच्या मेडिकलवाल्याला ठाऊक होतं, गोडाऊनच्या मांजराला ठाऊक होतं. कागदाला तेवढं ठाऊक नव्हतं.

आंबेमोळ्याच्या सातेरी मेडिकलच्या पायरीवर एक पोरगी काजूची बोंडं घेऊन बसली होती. तेरा-चौदा वर्षांची. आम्हाला बघून उठली.

"मामा, माझ्या गोळ्या आणल्यासा? का या खेपेला बी वाटंत वानरानं खाल्ल्या?"

"खाल्ल्या बघ. आता ते वानर झाडावर गुमान बसलंय. पडत न्हाई का काय न्हाई."

ती खो-खो हसली. ही रेणुका. तिला फिट यायची. शाळेत बाकावरून पडायची, एकदा चुलीवर पडता पडता आईनं ओढली होती. बेळगावच्या डॉक्टरनं गोळ्या चालू केल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. सरकारी दवाखान्यात त्या कधी असत, कधी नसत. म्हणून दुकानदार जोतिबा गावडे मामांकडून मागवायचा.

दुकानाच्या लाकडी फळीवर खडूनं उभ्या रेघा मारलेल्या होत्या.

"ह्या कसल्या?" मी विचारलं.

"माझी हजेरी," रेणुका म्हणाली. "पडल्याबिगर एक म्हैना गेला की एक रेघ. मोज."

मी मोजल्या. चौदा.

"चोवीस झाल्या की डॉक्टर गोळ्या बंद करणार. मग सर्टिफिकेट देणार. मग चंदगडला बोर्डिंगात घेणार मला. फिटवालीला घेत न्हाईत तिथं."

"धा ऱ्हायल्या अजून," जोतिबा काउंटरमागून म्हणाला. "लई उड्या मारू नको."

"धाच तर ऱ्हायल्या!"

मी फॉर्म काढला. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"हे काय लिवतोस दादा?"

"दुकानाचं नाव. कॉम्प्युटरला घालायचंय."

"म्हंजे कॉम्प्युटरला आमचं आंबेमोळा दिसणार?"

"दिसणार की."

"मग त्येला म्हणावं, आधी रस्ता कर."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. निघताना पोरीनं माझ्या खोक्यात चार बोंडं टाकली. गडहिंग्लजला येईस्तोवर त्यांचा रस फॉर्मवर सांडला होता आणि आंबेमोळ्याचा कागद डागाळला होता. मी तो पुन्हा स्वच्छ लिहून काढला.

मे महिन्यात तुम्ही आलात. पुण्याहून, लॅपटॉप घेऊन, आठ दिवसांसाठी. पहिल्या दिवशी तुम्ही सगळं गोडाऊन पायी फिरलात, हे मला आवडलं होतं. आधीचे साहेब केबिनच्या बाहेर येत नसत. गुरुवारचं खोकं उघडं होतं. तुम्ही वाकून एक पिशवी उचललीत, वरचं अक्षर वाचलंत, मला काहीतरी विचारलंत, मी सांगितलं, तुम्ही पिशवी परत ठेवलीत आणि पुढं गेलात.

मग तुम्ही आम्हाला शिकवलंत. फळ्यावर तीन चौकोन काढलेत. पहिल्यात आकडे, दुसऱ्यात माहिती, तिसऱ्यात निर्णय.

"रोजची बिलं म्हणजे नुसते आकडे," तुम्ही म्हणालात. "ते जोडले, ताडून बघितले की माहिती होते. कुठलं दुकान वाढतंय, कुठलं मरतंय, कुठलं औषध कधी खपतं. त्या माहितीवर निर्णय घ्यायचा. मधे कुणाची मर्जी नको, कुणाची ओळख नको. आकड्यांना नातेवाईक नसतात."

मी हात वर केला. "काजूसारखंच झालं की साहेब. बी भाजायची, फोडायची, सोलायची, मग गर."

सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. "अगदी बरोबर," म्हणालात. "नाव काय तुझं?"

"रवळनाथ सुतार."

"रवळनाथ, उद्यापासून माझ्याजवळ बस."

बत्तीस वर्षांत शिंत्रेमामांना कुणी जवळ बसवलं नव्हतं. मला एका दिवसात खुर्ची मिळाली. फिरती खुर्ची. मी ती पहिल्या दिवशी इतकी फिरवली की मळमळलं.

आणि खोटं कशाला बोलू, ती विद्या मला आवडली. अजून आवडते. तीन वर्षांची बिलं मी सिस्टीममधून काढून एका तक्त्यात मांडली आणि बघतो तर काय, जे आम्ही अंदाजानं चाचपडत होतो ते समोर उघडं पडलेलं. तापाची औषधं घाटात जुलैत संपतात आणि आम्ही ती ऑगस्टमध्ये भरतो. लहान पोरांचं खोकल्याचं औषध दर वर्षी गोडाऊनमध्ये मुदत संपून फेकलं जातं, कारण आम्ही उन्हाळ्यात मागवतो. तीन वर्षांचा मूर्खपणा एका पानावर. दहावी नापास पोराच्या हातात असली ताकद कुणी दिली नव्हती. तुम्ही दिलीत, हेही लिहितो.

मग तुम्ही म्हणालात, "आता दुकानं घे. सहा महिने शून्य विक्री असेल ते लाल कर."

मी केलं. दोनशे चाळीस दुकानांत तेवीस लाल झाली. त्यात चार ओळी माझ्या ओळखीच्या होत्या. आंबेमोळा, पारवाड, चिरेवाडी, घागरवाडी. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

मला तिथंच दिसलं. मी नंतर कळलं असं म्हणणार नाही. त्याच क्षणाला दिसलं. पण तुम्ही पाठीमागं उभे होता आणि म्हणालात, "सुंदर. हे मी वरच्या ऑफिसला दाखवणार." म्हटलं, नंतर सांगू.

मीटिंगच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामा डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. स्क्रीनकडं बघत भाकरी मोडायला लागले.

"ह्ये लाल काय हाय?"

"सहा महिने शून्य माल गेलेली दुकानं."

"आंबेमोळा बी लाल?"

"हो."

"आं-पा-चि-घा लिवून लिवून तुझं पेन वाळलं, रवळ्या. आणि शून्य?"

"मामा, बिल त्यांच्या नावावर नाही. सिस्टीमला बिल दिसतं. पिशवी दिसत नाही."

"मग तू घाल की. चंदगडच्यातनं काढ, आंबेमोळ्याच्यात टाक. तुझ्याच हातात हाय न्हवं?"

"तसं हातानं घालता येत नाही. खोटा आकडा होतो तो."

मामांनी घास खाली ठेवला. "आणि ह्यो शून्य खरा?"

मग मी तेच बोललो जे तुमच्याकडून शिकलो होतो. "मामा, तुम्ही साहेबांना जोडबिलाचं खरं सांगा. मी सगळं नीट लावून देतो."

"सांगतो की. एकाच्या नावाचं बिल, दुसऱ्याला औषध. कायद्यात बसत न्हाई ते. साहेब मला त्याच दिवशी घरी बसवतील. तीन वर्सं ऱ्हायल्यात माझी रिटायर व्हायला." डब्याचं झाकण लावत ते उठले. "तू नवा हाईस, खुर्ची बी नवी हाय. तुला सांगवत न्हाई. मी सांगितलं तर मला जेवायला मिळत न्हाई. बघू. उद्याचं उद्या."

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझा तक्ता प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडलात. दार लावलं, पंखे बंद केले, कारण खिडकीचा पडदा हलून उजेड आत येत होता. चौदा माणसं घामाघूम.

"ही तेवीस दुकानं," तुम्ही म्हणालात. "सहा महिन्यांत एकही बिल नाही. यांची खाती बंद. गुरुवारच्या फेरीत चंदगड शहर सोडलं तर काही उरत नाही, ते मंगळवारच्या गाडीत जाईल. गुरुवारची फेरी बंद." मग माझ्याच तक्त्याचं पुढचं पान, न खपणाऱ्या वस्तू मी लाल केलेलं. "या एकतीस वस्तू. हलत नाहीत. उदाहरणार्थ ही. फिटची गोळी. अख्ख्या आपल्या भागात महिन्याला सहा पट्ट्या. सगळा साठा कंपनीला परत. कुणाला काही म्हणायचंय?"

मग मामा उभे राहिले. टोपी काढून हातात धरली.

"साहेब, ती शून्य न्हाईत. मी माल देतोय तिथं. जोडबिल करतोय. चंदगडच्या बिलात घालून चौघास्नी वाटतोय. चूक माझी हाय, शिक्षा मला करा. पर दुकानं बंद करू नका. आंबेमोळ्याला एक पोरगी हाय, तिला ह्या गोळ्या..."

"शिंत्रे," तुम्ही मधेच म्हणालात, आवाज न चढवता. "एक पोरगी म्हणजे मागणी नव्हे."

मामा उभेच. तुम्ही त्यांच्याकडं बघितलं, मग खोलीभर नजर फिरवलीत. पॅकिंगचे दोघे बसले होते, बिलिंगचा कारकून बसला होता, जुना मॅनेजर बसला होता. सगळ्यांना जोडबिल ठाऊक. त्यांच्यातल्या कुणालाही विचारू शकला असता. तुम्ही माझ्याकडं वळलात.

"रवळनाथ. रेकॉर्डला असं काही आहे?"

पंखे बंद होते. मामा माझ्याकडं बघत होते. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना त्या सकाळचीच शाई होती, कारण गुरुवारचं शेवटचं खोकं मीच भरलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: रेकॉर्डला नाही साहेब, पण खरं आहे. त्यात 'पण'च्या पुढं खुर्ची जाणार होती.

"रेकॉर्डला नाही, साहेब," मी म्हणालो.

"थँक यू. शिंत्रे, बसा. तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलं नाही असं समजतो. ऐकलं तर मला कारवाई करावी लागेल."

खोलीतले सगळे म्हणाले, साहेब मोठ्या मनाचे. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची चूक पोटात घातली. मलाही तसंच वाटलं. मामा बसले, टोपी डोक्यावर घालायची विसरले. ती मीटिंग संपेपर्यंत त्यांच्या मांडीवर होती.

मामांना काउंटरला बसवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकतीस वस्तूंची खोकी परत जायला लागली. फिटच्या गोळ्यांच्या नऊ पट्ट्या शिल्लक होत्या. मामांनी त्या आपल्या नावावर विकत घेतल्या आणि चंदगडच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिल्या. कंडक्टरनं चंदगडला दिल्या, तिथून दुधाच्या गाडीनं आंबेमोळ्याला पोचल्या. माझ्याशी मामा तेव्हा कामापुरतं बोलत. 'मामा' म्हटलं तरी 'ओ' न म्हणता नुसतं वळून बघत.

जुलैच्या मध्याला ते माझ्या टेबलाशी आले.

"रवळनाथ," म्हणाले. रवळ्या नाही. "जोतिबाचा फोन होता. गोळ्या सोमवारी संपल्या. कॉम्प्युटरात बघ, जवळ कुठं हायत."

मी बघितलं. आमच्या कोल्हापूरच्या गोडाऊनला चाळीस पट्ट्या दिसत होत्या. स्क्रीनवर, स्पष्ट. मी आंबेमोळ्याच्या नावानं मागणी टाकली. सिस्टीम म्हणाली, हे खातं बंद आहे. चंदगडच्या नावानं टाकली. सिस्टीम म्हणाली, ही वस्तू या शाखेसाठी बंद आहे, वरिष्ठांची मंजुरी लागेल. मी मंजुरीला पाठवली. तुमच्याकडं. खाली पिवळी पट्टी आली: मंजुरीच्या प्रतीक्षेत.

"किती वेळ लागंल?" मामांनी विचारलं.

"आजच्या आज होईल."

दुसऱ्या दिवशी पिवळी. तिसऱ्या दिवशी पिवळी. मी तुम्हाला दोनदा फोन केला, तुम्ही ट्रेनिंगला होता. चंदगडच्या तिन्ही दुकानांत ती गोळी नव्हती. आमच्याशिवाय ती ठेवत कोण होतं? घाटातला रस्ता दरड पडून चार दिवस बंद. पाचव्या दिवशी मामा म्हणाले, "खड्ड्यात गेली तुझी पट्टी," आणि रजा टाकून कोल्हापूरला गेले. दिवसभर दुकानं पालथी घालून सहा पट्ट्या घेऊन आले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी न विचारता मागं बसलो. त्यांनी उतर म्हटलं नाही.

पाऊस तिरपा होता. गोळ्या मामांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बनियनच्या आत ठेवल्या होत्या. चंदगडच्या पुढं दोनदा गाडी ढकलावी लागली.

सातेरी मेडिकलचं अर्धं शटर खाली होतं. जोतिबा आत स्टुलावर बसला होता. आम्हाला बघून उठला नाही.

"परवा," तो म्हणाला. "मंगळवारी. ओढ्यावर धुणं घेऊन गेली. शेजारची तानाबाई पलीकडच्या काठाला होती. तिनं बघितलं, पोरीचे हात वाकडे झाले, मान मागं गेली, आणि आत. पाणी लई होतं."

मामांनी बनियनमधून पुडकं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. का ठेवलं ते त्यांनाही ठाऊक नसावं.

तेवढ्यात सोनाबाई आली. रेणुकाची आई. काजूच्या फॅक्टरीत बी सोलायची, तिची बोटं चिकानं भाजून काळी पडलेली होती. तिनं पुडकं बघितलं.

"आता कशाला आणल्यासा मामा?" ती म्हणाली. रागानं नाही. पाहुण्यानं उगाच खाऊ आणावा आणि यजमानीण म्हणते ना, तसं. मग जोतिबाला म्हणाली, "ठेवा दादा दुकानात. दुसऱ्या कुणाला लागतील."

जोतिबा खाली मान घालून म्हणाला, "दुसरं कोण न्हाई वयनी. हिच्या एकटीच्याच मागवायचो. म्हैन्याला सहा पट्ट्या."

सहा पट्ट्या.

मी तिथं उभ्या उभ्या हिशेब केला, कारण मला तेवढंच येत होतं. सकाळी एक, संध्याकाळी एक. महिन्याच्या साठ. पट्टीत दहा. तक्त्यातल्या त्या ओळीत तीन वर्षं दर महिन्याला सहाचा आकडा होता, एकदाही पाच नाही, एकदाही सात नाही. मला तो आकडा आळशी वाटला होता. मी त्याला लाल रंग दिला होता. ती ओळ म्हणजे एक पोरगी होती. रोज दोन वेळा न चुकता गोळी घेणारी, तीन वर्षांत एक दिवस खाडा न केलेली. असं गिऱ्हाईक अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नव्हतं, आणि तिला 'हलत नाही' हे नाव मी दिलं होतं.

फळीवर खडूच्या रेघा होत्या. पावसाच्या ओलीनं खालची टोकं पुसट झाली होती. मी मोजल्या. सतरा.

परतीच्या वाटेवर मामांनी वळणावर गाडी थांबवली. उतरले, झाडाखाली जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी जवळ गेलो.

"मामा, मी त्या दिवशी..."

"तू खोटं बोलला न्हाईस, रवळ्या," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी रवळ्या म्हणाले. "खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं."

त्यांनी पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. तीन वर्षं राहिली होती ती राहिलीच. चार वर्षांनी गेले. मी त्यांच्या मयताला गेलो होतो. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं नाही, ते बरं झालं.

त्या गुरुवारी आंबेमोळ्याहून आल्या आल्या मी तुम्हाला सगळं लिहिलं होतं. जोडबिल, पिशव्या, सहा पट्ट्या, पिवळी पट्टी. माझं नाव घालून लिहिलं, मीही दोषी आहे असं लिहिलं. आठ दिवसांनी तुमचं उत्तर आलं. तीन ओळी. घटना दुःखद आहे. मृत्यूची नोंद ओढ्यात पाय घसरून अशी आहे. रेकॉर्डला अन्य काही असल्यास कळवावे.

मी खुर्ची सोडली. आता गडहिंग्लजला एका गाळ्यात पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. तुमचे तीनही चौकोन शिकवतो, कारण ते खरे आहेत. फक्त पहिल्या चौकोनाच्या आधी एक प्रश्न लिहायला लावतो: हा आकडा कुणी भरला, आणि भरताना काय बाहेर राहिलं? पोरं वहीत उतरवून घेतात. कुणी का म्हणून विचारत नाही. विचारलं तर सांगेन.

तर साहेब, रेकॉर्डला अन्य काही असल्यास कळवावे म्हणालात. कळवतो.

तुम्ही आलात त्या पहिल्या दिवशी गोडाऊन फिरलात. गुरुवारच्या खोक्यातली पिशवी हातात घेतलीत. तुम्ही काय विचारलंत ते मघाशी मी सांगितलं नाही, आता सांगतो. तुम्ही विचारलंत, "हे 'आं' म्हणजे काय?" मी म्हणालो, "आंबेमोळा, साहेब. डोंगरातलं दुकान आहे. दर गुरुवारी माल जातो." तुम्ही म्हणालात, "अच्छा," आणि पिशवी ठेवलीत. त्या पिशवीत गोळ्या होत्या. तुमच्या बोटाला माझी ओली शाई लागली होती, ती तुम्ही रुमालाला पुसलीत.

आठव्या दिवशी तुम्ही भिंतीवर आंबेमोळ्यापुढं शून्य दाखवलंत आणि मला विचारलंत, रेकॉर्डला असं काही आहे?

मी तेव्हा उत्तर दिलं. ते उत्तर घेऊन तेरा वर्षं जगतोय. आता माझा एकच प्रश्न आहे, आणि मला तीन ओळी नकोत, एक शब्द पुरे.

मला विचारताना तुम्हाला ती पिशवी आठवत होती. हो की नाही?